जपून ठेवलेली भीती

अकराव्या तारखेलाही काही झालं नाही. आरोपीच्या वकिलांची म्हणे कंबर धरली होती. विशेष बालन्यायालयाच्या न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, चार महिन्यांनंतरची तारीख दिली आणि पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. केतकी मगदूम बाकावरून उठली, तशी शेजारी बसलेली आठ वर्षांची जुईही न सांगता उठली आणि तिच्या मागे एक पाऊल अंतर ठेवून उभी राहिली. पोरीला शिस्त चांगली होती. केतकीला त्याचा अभिमान वाटायचा.

बाहेर व्हरांड्यात शिरगाव्यांची माणसं थांबलेलीच होती. मधोमध मालनबाई, जुईच्या बापाची आई. तिच्या खांद्याआड तिचा मुलगा संग्राम, जामिनावर सुटलेला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

"पोरगी वाळून चाललीया," मालनबाई म्हणाली. बोलली हवेत, पण सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. "डोळ्याखाली बघा काय झालंय तिच्या. हिला पोर न्हाई पायजे. हिला पुरावा पायजे."

"तुमच्या पोरानं माझी बहीण मारली," केतकी म्हणाली. "माझ्या भाचीच्या डोळ्यांची काळजी तुम्ही करू नका."

"नात हाय ती माझी."

"तीन वर्षांपूर्वी नात आठवली नाही? गौतमी जिन्याखाली पडली होती, ही दाराआड भिजून बसली होती आणि तुम्ही फरशी पुसायला घेतलीत."

मालनबाई कोपऱ्यात जाऊन थुंकली.  संग्रामने जुईकडे बघून हसल्यासारखं केलं. जुईचा चेहरा पांढरा पडला आणि ओठ आतल्या आत गेले. केतकीने ते पाहिलं, आणि तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही: चला, अजून आहे. अजून भीती तशीच आहे.

केतकीची थोरली बहीण गौतमी आष्ट्याला सासरी जिन्यावरून पडून गेली. संग्रामचं म्हणणं, पाय घसरला. शवविच्छेदनात पडणं आणि ढकलणं यांतला फरक कळला नाही. मालनबाई नंतर आली; त्या क्षणी घरात तिसरं माणूस एकच होतं, वरच्या दाराआड उभी असलेली पाच वर्षांची जुई. पोलिसांनी विचारलं, बाहुल्या देऊन विचारलं, चित्रं काढायला लावली. जुईने तोंड मिटलं ते मिटलंच. इतर सगळं बोलायची. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. कोर्टाने तिला तात्पुरती मिरजेला मावशीच्या ताब्यात दिली. तात्पुरती म्हणजे निकाल लागेपर्यंत. संग्राम निर्दोष सुटला, तर कायद्याने पोर बापाची.

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये प्रतवारी खात्याची प्रमुख असलेली केतकी छत्तीस वर्षांची होती. तिने लग्न केलेलं नव्हतं. हिरवा बेदाणा कुठला, डागी कुठला, हे ती चालत्या पट्ट्यावरून नुसत्या नजरेने सांगायची. पण जुईला काय झालंय, हे तिला पहिल्यांदा कळलं नव्हतं. पोर हट्टी झालीय असंच तिला वाटायचं. पोटात दुखतं म्हणायची, पुन्हा अंथरूण ओलं करू लागली होती, बाटलीतनं दूध मागायची. आणि एकच खेळ खेळायची. भातुकलीतली माणसं एकेक करून टेबलाच्या कडेवरून खाली सोडायची, उचलायची, परत सोडायची. चेहऱ्यावर खेळण्याचा आनंद नावालाही नसायचा.

मिरजेतल्या बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. नसरीन जमादार यांनी तिला नीट समजावून सांगितलं होतं. "मोठा माणूस आघातानंतर सांगतो तरी, की मला तेच तेच दिसतं, झोप लागत नाही. लहान मूल सांगत नाही, ते खेळून दाखवतं. नाहीतर चावतं, ओरबाडतं, वर्गात दचकतं, आणि आपण त्याला वाह्यात ठरवतो. निम्मी मुलं अशीच हातची निसटायची. म्हणून ही टोपी."

टोपी म्हणजे सुती कापडाची, कानटोपीसारखी. अस्तरात मेंदूचे सूक्ष्म विद्युतप्रवाह टिपणाऱ्या चकत्या, समोर डोळ्यातली बाहुली लहानमोठी होण्याचा वेग मोजणारा कॅमेरा, बोटाला घामाची चिमटी. मुलाला आवाज ऐकवायचे, चित्रं दाखवायची. भीती दडवता येत नाही. ती पापणी लवायच्या आत मेंदूत उठते, आणि पडद्यावर तिची रेघ उमटते. डॉक्टरांसाठी तो निदानाचा कागद होता. पण चार वर्षांपूर्वी नवा बालसाक्ष कायदा आला आणि त्या कागदाला भीतिलेख असं नाव देऊन त्याने कोर्टात आणून बसवलं. जे मूल बोलू शकत नाही, त्याची भीती त्याच्या वतीने बोलेल, असं त्या कायद्यात म्हटलं होतं. अट एकच. भीतिलेख न्यायाधीशांसमोर, आरोपीच्या वकिलांच्या देखत, ताजा घ्यायचा.

आणि तिथेच मेख होती. या आजारावर उपचार निघाला होता. सहा बैठकांत मूल बरं व्हायचं. पण बरं झालं की रेघ सपाट. म्हणून सरकारी वकिलांनी पहिल्याच महिन्यात जतन आदेश मिळवला होता: साक्ष होईपर्यंत जुई शिरगावे हिच्यावर उपचार करू नयेत.

तो उपचार नेमका काय, हेही केतकीने डॉक्टरांनाच विचारलं होतं.

"गुऱ्हाळ बघितलंय ना?" डॉक्टर म्हणाल्या होत्या. "आपण समजतो, आठवण म्हणजे दगडावरची अक्षरं. तसं नाही. ती गुळाच्या ढेपेसारखी असते. दर वेळी आठवली की पुन्हा पातळ होते, आणि चार-पाच तासांत पुन्हा घट्ट बसते. ती पातळ असताना आम्ही एक औषध देतो. त्याने घटना जाते का? नाही. काय झालं ते मुलाला आठवतं. पण त्या घटनेला चिकटलेली भीती परत घट्ट बसत नाही. नांगी मोडलेल्या विंचवासारखी होते ती आठवण."

"आणि औषध दिलंच नाही तर?" केतकीने विचारलं होतं. "नुसतंच आठवत राहिलं, तर?"

"तर दर वेळी आणखी पक्की बसते. भ्यायलेल्या अवस्थेत आठवली, तर दगडासारखी."

डॉक्टरांनी ते सहज सांगितलं. केतकीने ते पदरात बांधून घेतलं.

कारण पहिल्या वर्षाच्या अखेरीस जुई थोडी सावरू लागली होती. काही मुलं आपोआपही सावरतात. अंथरूण कोरडं राहू लागलं, टेबलावरचा खेळ थांबला. सरकारी वकील बेडकिहाळ यांना केतकीने ते आनंदाने सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला.

"बाई, असं झालं तर आपल्या हातात काय राहिलं?" ते म्हणाले. "तिची भीती हाच आपला साक्षीदार. ती ताजी राहिली पाहिजे. मी काही सुचवत नाही हं. मी फक्त वस्तुस्थिती सांगतोय."

त्या आठवड्यापासून रविवार सुरू झाले.

दर रविवारी सकाळी दहाला केतकी मागच्या खोलीत लाकडी खुर्ची मांडायची. "जुई, चल बाळा," अशी हाक मारायची. जुई येऊन बसली की मोबाईलवर संग्रामचा आवाज लावायची. जुन्या वाढदिवसाच्या चित्रफितीतला होता तो, "ए जुई, इकडं बघ, इकडं बघ की." मग त्याचा फोटो. मग आष्ट्याच्या घराच्या जिन्याचा फोटो, जो पोलिसांनी काढला होता. जुई थरथरायला लागली, रडायला लागली, की केतकी बंद करायची, तिला छातीशी धरायची आणि म्हणायची, "झालं, झालं. एवढंच. आईसाठी करतोय ना आपण?" पाच मिनिटांचं काम. नंतर ती जुईच्या आवडीचा शिरा करायची. दोन वर्षं, एकही रविवार चुकला नाही.

आपण काही वाईट करतोय असं तिला वाटलंच नाही, असं म्हणता येणार नाही. वाटायचं. पण मग संग्रामचा इस्त्रीचा शर्ट आठवायचा, आणि वाटणं बंद व्हायचं.

त्या अकराव्या तारखेनंतर पंधरा दिवसांत शाळेतून बोलावणं आलं. जुईने शेजारच्या मुलीच्या तळहातात कंपासचं टोक खुपसलं होतं. ती मुलगी मागून येऊन नुसतं "चल" म्हणाली होती.

"रक्ताची धार लागली होती," वर्गशिक्षिका म्हणाल्या. त्यांनी केतकीला बसायलाही सांगितलं नाही. "दुसऱ्यांच्या मुलांनी काय पाप केलंय? हिला उपचार द्या, नाहीतर घरी ठेवा."

"कोर्टाची मनाई आहे."

"मग कोर्टालाच सांगा वर्गात येऊन बसायला."

ही बातमी शिरगाव्यांकडे पोचायला वेळ लागला नाही. आठवड्याभरात आरोपीचे वकील लोखंडे यांनी अर्ज टाकला: बालिकेची प्रकृती ढासळत आहे, तिच्या हितासाठी जतन आदेश उठवून तत्काळ उपचार करावेत. अर्जासोबत आजी म्हणून मालनबाईचा, खाली वाकडीतिकडी सही केलेला, पानभर मजकूर होता.

"बघितलंत?" बेडकिहाळ केतकीला म्हणाले. "तीन वर्षं तारखा यांनीच लांबवल्या. आता यांनाच पोरीचा कळवळा. रेघ सपाट झाली की संग्राम मोकळा, आणि पोर त्याच्या घरात. तुम्ही लिहून द्या, मुलगी थांबू शकते म्हणून."

केतकीने लिहून दिलं. न्यायाधीशबाईंनी दोन्ही कागद बाजूला ठेवले आणि डॉ. जमादार यांना तपासणी करायला सांगितलं. मूल थांबू शकतं की नाही, एवढ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी द्यायचं होतं.

तपासणी झाली. जुईला बाहेर रंगपेट्यांपाशी बसवून डॉक्टरांनी केतकीला आत घेतलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"ही निळी रेघ बापाच्या आवाजाची."

निळी रेघ चांगलीच वर चढली होती. केतकीचा जीव भांड्यात पडला. पण तिच्याही वर, पार पडद्याच्या कडेला टेकलेली, एक तांबडी रेघ होती.

"ही कुणाची?"

"ती शांतरेषा," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे असायला हवी होती. प्रत्येक तपासणीत घेतो आम्ही. मुलाला ज्या माणसाजवळ सर्वांत सुरक्षित वाटतं, त्याचा आवाज. बाकीच्या रेघा त्याच्याशी ताडून बघायच्या असतात. मागच्या आठवड्यात तुमच्याकडून दोन शब्द रेकॉर्ड करून घेतले होते, आठवतं? मी म्हटलं होतं, एरवी घरी हाक मारता तशी मारा."

जुई, चल बाळा.

"मशीन बिघडलं असेल," केतकी म्हणाली.

"तीनदा घेतलं. काय करता तुम्ही तिला?"

"मी कधी बोट लावलं नाही तिला. कुणालाही विचारा."

"मारता का, असं मी विचारलं नाही."

 केतकीने खिडकीबाहेर बघत, तुटक तुटक, रविवारचं सांगितलं. सांगताना ते पाच मिनिटांचं काम फार लांबलचक होत गेलं. ती बोलायची थांबली तेव्हा डॉक्टरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"गुळाचं मीच सांगितलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मी औषध कसं चालतं ते सांगितलं, आणि तुम्ही त्याचं विष करून पोरीला पाजलंत. दर आठवड्याला. वर शिरा." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात कसलीच गय नव्हती. "अहवालात मी लिहिणार, की भीती पसरत चाललीय आणि आता पालकाच्या आवाजालाही चिकटलीय, मूल एक दिवसही थांबू शकत नाही. का चिकटली, ते कोर्टाने मला विचारलेलं नाही. ते तुमचं तुम्ही सांगायचं. जा आता."

बेडकिहाळांनी अहवाल वाचला आणि जराही न डगमगता दुसरा कागद पुढे केला. कायद्यात सोय होती. पालकाला एकदा तपासनीस नाकारता येत असे. नाकारला की तो अहवाल मोहोरबंद, जणू झालाच नाही. "सोमवारपर्यंत सही करा. दुसरा डॉक्टर येईल. शांतरेषेला शाळेतल्या बाईंचा आवाज घेऊ. तुमची रेघ कुणाला दिसणार नाही. बापाची आहे तेवढी पुरेशी आहे. उरले किती, तीन महिने. बाई, तीन महिन्यांसाठी गौतमीला वाऱ्यावर सोडणार?"

केतकी तो कागद घेऊन घरी आली. सही करायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं, ही गोष्ट तिने पुढे कुणालाच सांगितली नाही.

रविवार उजाडला. तिने खुर्ची मांडली नाही, हाक मारली नाही. स्वयंपाकघरात ओट्याशी नुसती उभी राहिली. दहा वाजले. मागच्या खोलीतून लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला. ती जाऊन बघते तर जुईने स्वतःच खुर्ची ओढून मधोमध मांडली होती. ती तिच्यावर बसली होती, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून, डोळे घट्ट मिटून. पाय जमिनीला टेकत नव्हते.

"जुई, आज नाहीये," केतकी म्हणाली.

जुईचे खांदे कानांपर्यंत उचलले गेले. ते बापाच्या आवाजाने उचललेले नव्हते. तो आवाज अजून लागलाच नव्हता.

"चालू कर ना," डोळे न उघडता जुई म्हणाली. "मग लवकर होतं."

केतकी दारातच खाली बसली. जवळ जायचं तिच्या मनात आलं, पण जवळ गेल्यावर काय होईल ते तिने पडद्यावर पाहिलेलं होतं. प्रतवारी करणारी बाई ती, तिला डाग ओळखता यायचा. हा डाग तिने लावलेला होता. 

सोमवारी तिने नकाराच्या कागदावर सही केली नाही. उलट, उपचाराला पालकाची संमती आहे, असं लिहून कोर्टात दिलं. बेडकिहाळांनी तिच्याकडे परत पाहिलं नाही. लोखंडे वकिलांनी मान लववून आभार मानले, आणि ते आभार तिला थोबाडीत मारल्यासारखे लागले. केतकीचे वडील, आप्पा, गावाहून आले ते चप्पल न काढताच बोलले.

"संग्राम सुटणार. पोरगी त्याच्या हातात जाणार. एवढं कळतंय ना तुला?"

"कळतंय आप्पा."

"त्यानं गौतमीला एकदा मारलं. दुसऱ्यांदा तू मारलीस." पाणीही न पिता ते एसटीला निघून गेले.

पण रविवारचं केतकीने कोर्टात सांगितलं नाही. संमतीच्या कागदावर जागा होती. तिने ती कोरी ठेवली. तेवढं धैर्य तिच्याजवळ नव्हतं.

सहा बैठका दीड महिन्यात झाल्या. केतकीला आत यायची मनाई होती. जुई गोळी घ्यायची, टोपी घालायची, डॉक्टर तिच्याशी हळूहळू बोलत जायच्या. आठवण पातळ झाली की टोपीकडूनच त्यांना कळायचं, आणि त्या थांबायच्या. जाड काचेपलीकडे केतकीला फक्त ओठ हलताना दिसायचे. चौथ्या बैठकीत जुईचे ओठ हलायला लागले आणि खूप वेळ हलतच राहिले. डॉक्टरांनी बाहेर येऊन काहीच सांगितलं नाही. पाचवीनंतर जुईने घरी येऊन भूक लागली म्हणून सांगितलं. सहावीनंतर तिने वर्गातल्या त्या मुलीला आपली नवी कंपासपेटी देऊन टाकली.

मात्र केतकीने हाक मारली की खांदे अजूनही उचलले जायचे. "बापाची आठवण वेगळी, तुमची वेगळी," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्यासाठी बैठका वेगळ्या घ्याव्या लागतील. त्या घ्यायच्या का, केव्हा, ते ती ठरवेल. मी तिला विचारीन. तुम्ही विचारायचं नाही."

साक्षीच्या दिवशी लोखंडे वकिलांच्या कमरेला काही झालेलं नव्हतं. मुलांच्या खोलीत न्यायाधीशबाई जुईसमोर खाली बसल्या. बाकीचे सगळे काचेआड. टोपी घातली. संग्रामचा आवाज लावला. रेघ उठली नाही. फोटो दाखवला. रेघ पाण्यासारखी सपाट. संग्रामने काचेआड खुर्चीत अंग सैल सोडलं. मालनबाईने डोळे मिटून हात जोडले, ते मुलासाठी की नातीसाठी हे तिचं तिलाच ठाऊक.

"जुई," न्यायाधीशबाई म्हणाल्या. कायद्याने शेवटी विचारावाच लागणारा प्रश्न होता तो, आजवर कुठल्या मुलाने त्याला उत्तर दिलं नव्हतं. "तुला आणखी काही सांगायचंय का?"

"हो," जुई म्हणाली.

आणि तिने सांगितलं. शाळेत काल काय झालं हे सांगावं, तसं.

"मी दाराच्या फटीतनं बघत होते. आई गच्चीवरचे वाळलेले कपडे घेऊन खाली येत होती. बाबा म्हणाले, मोबाईल दे. आई म्हणाली, नाही देत. मग बाबांनी तिला दोन्ही हातांनी ढकललं. आधी कपडे पडले. मग आई पडली. बाबा खाली गेले, कपडे गोळा केले आणि परत गच्चीवर नेऊन दोरीवर टाकले. माझ्या पिवळ्या फ्रॉकला रक्त लागलं होतं. तो त्यांनी उलटा करून टाकला."

 न्यायाधीशबाईंनी पंचनाम्याचे फोटो मागवले. तीन वर्षं फायलीत पडलेला, गच्चीचा एक फोटो होता. कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं. दोरीवर सगळे कपडे सुलट होते. पिवळा फ्रॉक तेवढा उलटा.

लोखंडे उठून काचेआडच्या माईकजवळ आले. त्यांचा आवाज मधासारखा होता. "बाळ, आईचं असं सांगताना तुला रडू नाही येत?"

"आता नाही येत. आधी यायचं."

"किती छान पाठ केलंयस. कुणी शिकवलं? मावशीनं?"

जुईने विचार केला. "नाही. मावशीनं काही नाही शिकवलं. ती दर रविवारी मला खुर्चीत बसवून बाबांचा आवाज ऐकवायची आणि जिन्याचा फोटो दाखवायची. मी खूप रडले की बंद करायची. मला रडू येतंय ना, एवढंच ती बघायची. तिनं मला कधी विचारलंच नाही, काय झालं होतं ते."

केतकी काचेआड उभी होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, पण तिला ते जाणवलं नाही. खरंच होतं ते. दोन वर्षांत शंभर रविवार झाले असतील. तिने एकदाही विचारलं नव्हतं.

संग्राम शिरगावेला जन्मठेप झाली. निकालात न्यायाधीशबाईंनी लिहिलं, की शिकवलेली साक्षीदार शिकवणारीला अशी उघडी पाडत नाही. म्हणून या मुलीच्या शब्दावर न्यायालयाचा विश्वास आहे. त्याच्याच पुढच्या परिच्छेदात केतकी मगदूम हिच्या ताब्यातून मुलीला काढून बालकल्याण समितीकडे सोपवावं, असा आदेश होता. आप्पांचा फोन आला. "जिंकलो गं पोरी!" ते रडत म्हणाले. त्यांनी दुसरा परिच्छेद वाचला नसावा. की वाचून सोडून दिला असावा.

समितीच्या बाई सकाळी अकराला आल्या. जुईने आपली पिशवी स्वतः भरली, चपला घातल्या. तिला विट्याच्या एका शिक्षक जोडप्याकडे ठेवायचं ठरलं होतं. "मी जाते," ती म्हणाली. तिने मिठी मारली नाही, आणि केतकीने मागितली नाही.

महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी, समितीच्या कचेरीत अर्धा तास भेट. आजीला अर्धा तास, मावशीला अर्धा तास. पहिल्याच भेटीच्या दिवशी मालनबाई आणि केतकी एकाच बाकावर येऊन बसल्या, मध्ये दोन माणसांची जागा सोडून.

"माझा पोरगा आत गेला," मालनबाई समोरच्या भिंतीला म्हणाली. "केलं त्यानं, भोगंल. तू काय भोगतीस?"

 केतकीला आत बोलावलं, ती गेली.

टेबलापलीकडे जुई बसली होती. गाल भरले होते. केस कापले होते. समितीच्या बाई कोपऱ्यात वही घेऊन बसल्या होत्या. केतकीने फार हळू, जवळजवळ पुटपुटत विचारलं, "बरी आहेस?" तरीही खांदे उचलले गेले. जुईने स्वतःच ते खाली घेतले. ती काचेवरची धूळ पुसावी तशी सवयीने ते करत होती.

"डॉक्टर म्हणाल्या, माझ्या आवाजाच्या बैठका घेता येतील," केतकी म्हणाली. विचारायचं नाही असं बजावलेलं होतं, पण तोंडून गेलं. "दुखत नाही फारसं. सहाच. मग तुला माझी भीती वाटणार नाही."

"मला विचारलं त्यांनी."

"मग?"

"मी नको म्हटलं."

"का गं?"

जुईने टेबलावर बोटाने एक रेघ ओढली, पुसली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती, तर केतकीला ते सोसवलं असतं.

"बाबांची भीती नको होती मला. ते आता येणार नाहीत," ती म्हणाली. "तू येणार. मला कळायला पाहिजे ना, कधी उठून जायचं ते."

केतकीने तोंड उघडलं. माफ कर, एवढेच दोन शब्द होते, तिने ते वाटेत कितीदा म्हणून पाहिले होते. तिचा आवाज घशाशी आला, आणि तो बाहेर पडायच्या आधीच जुई खुर्चीवरून उतरली.

"आज एवढंच," जुई समितीच्या बाईंना म्हणाली. "आजीला बोलवा."